यूट्यूब बघून हेलिकॉप्टर बनवणाऱ्या फुलसावंगीच्या पोराला नेमकी कशाची कमी पडली?

ऑगस्ट २०२१. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं फुलसावंगी. स्वातंत्र्यदिन चार-पाच दिवसांवर आलेला. गावातला एक विशीतला तरुण त्या दिवशी सगळ्यांसमोर स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर दाखवणार होता. त्याआधी एकदा चाचणी घ्यावी म्हणून १० ऑगस्टच्या रात्री त्यानं इंजिन सुरू केलं. पंखा फिरायला लागला, वेग वाढला आणि शेपटीकडचा छोटा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला. त्या मोठ्या पंख्याचा घाव आत बसलेल्या तरुणाला बसला. तो वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. आठवीत शाळा सुटलेली. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम हातात बसलेलं. कपाटं, कूलर बनवणारा हा कारागीर ‘थ्री इडियट्स’ बघून पेटला, यूट्यूबवर धडे घेतले आणि सुमारे दोन वर्षं खपून मारुती ८०० च्या इंजिनावर एका माणसाचं हेलिकॉप्टर उभं केलं. गावाचं नाव व्हावं ही त्याची इच्छा होती, असं बातम्यांमध्ये आलं. नाव झालं, पण असं व्हायला नको होतं.

सोशल मीडियावर तेव्हा दोन गट पडले. एक गट म्हणाला, ‘हा खरा रँचो, सरकारनं अशा पोरांना हात द्यायला पाहिजे.’ दुसरा म्हणाला, ‘हेल्मेट नाही, परवानगी नाही, हा कसला जुगाड?’ दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर होते आणि दोन दिवसांनी दोघंही पुढच्या व्हिडिओकडे गेले.

एक प्रश्न मात्र राहून गेला. या पोराच्या ओळखीत कोण कोण होतं?

प्रश्न साधा वाटतो, पण समाजशास्त्रात गेली पन्नास वर्षं यावर काम चालू आहे. फुलसावंगीत नेमकं काय कमी पडलं ते कळायला त्याचा उपयोग होतो.

आधी हेलिकॉप्टरचं थोडं समजून घेऊ. वरचा मोठा पंखा एका दिशेनं फिरतो तेव्हा खालचं धूड उलट दिशेनं गरगरायला बघतं. शेपटीचा छोटा पंखा त्याला धरून ठेवतो. म्हणजे तो शोभेचा नसतो, त्याच्यावर सतत ताण असतो. फिरणाऱ्या पात्यात केसाएवढी चीर असली किंवा वजनात थोडा फरक असला, तरी वेग वाढल्यावर थरथर सुरू होते आणि धातू थकून तुटतो. म्हणूनच या क्षेत्रात पहिली चाचणी यंत्र जमिनीला जखडून घेतात. पात्यांच्या टप्प्यात कुणी थांबत नाही, आणि पंखा तासन् तास फिरवून बघितल्याशिवाय माणूस आत बसवण्याचा विषयच निघत नाही.

हे ज्ञान गुप्त नाही. विमानाच्या कारखान्यातल्या कुठल्याही तंत्रज्ञानं पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण ते सांगायला तो तंत्रज्ञ ओळखीचा लागतो. यूट्यूबवर पंखा कसा बसवायचा हे दिसतं. तुमचा पंखा बघून ‘थांब, हे सुरू करू नकोस’ असं यूट्यूब म्हणत नाही.

जिवलग असतात, ओळखीचे नसतात

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं एक निबंध छापला. विषय होता ‘सैल नात्यांची ताकद’. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नव्यानं नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं होतं की नोकरीची खबर कुणाकडून लागली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १७ टक्क्यांच्या आसपास लोकांना ती खबर नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून लागली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा वर्षातून एखाद्या वेळी भेटणाऱ्यांकडून कळली. जुना सहकारी, कॉलेजातला कुणीतरी, मित्राचा मित्र.

ऐकायला उलटं वाटतं. जिवाला जीव देणारा मित्र जास्त मदत करेल ना? करेलच. पण त्याला तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं. तो त्याच चहाच्या टपरीवर बसतो, त्याच लग्नाला जातो, त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतो. नवी खबर येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून, आणि अशा माणसाशी आपलं नातं बहुतेक वेळा सैलच असतं.

पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं केलेले प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. ग्रॅनोव्हेटरचं म्हणणं त्यात बरंचसं टिकलं, थोडी दुरुस्ती होऊन. अगदीच अनोळखी माणूस कामाचा नाही आणि रोजचा मित्रही नाही. ज्याच्याशी थोडेफार सामाईक मित्र आहेत असा मधला माणूस नोकरीसाठी सगळ्यात उपयोगी पडतो.

अभ्यासक या नात्यांचे साधारण तीन प्रकार करतात, आणि मराठीत त्यासाठी शब्द शोधावे लागत नाहीत. पहिला प्रकार म्हणजे गोतावळा. भावकी, सोयरे, मित्र, आळीतली माणसं. दुसरा म्हणजे ओळख, दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या जातीतल्या, दुसऱ्या धंद्यातल्या माणसाशी असलेली. तिसरा प्रकार म्हणजे शिडी. ज्याच्या हातात सही आहे, प्रयोगशाळा आहे, पैसा आहे किंवा अधिकार आहे, अशा वरच्या माणसापर्यंत पोचणारं नातं.

फुलसावंगीसारख्या गावात गोतावळ्याला तोटा नसतो. कुणाचा अपघात झाला तर अर्ध्या तासात वीस माणसं दवाखान्यात उभी राहतात. मयतीला, तेराव्याला, लग्नाच्या पंगतीला माणूस कमी पडत नाही. त्या तरुणाच्या यंत्राबद्दलही गावात कुतूहल होतं, मित्रांचं पाठबळ होतं. पण त्या दिवसांच्या बातम्या आज परत वाचल्या तर त्यात घरचे दिसतात, मित्र दिसतात, दुकान दिसतं आणि गुरू म्हणून यूट्यूब दिसतं. तांत्रिक जाणकार म्हणता येईल असा माणूस त्या चित्रात दिसत नाही.

पुसद किती लांब आहे?

‘खेडेगावात कुठून आणायचा इंजिनियर’ असं म्हणून हा विषय संपत नाही, कारण महागावच्या शेजारचाच तालुका पुसद. तिथं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. म्हणजे त्या तरुणाचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून शेजारच्या तालुक्यात इंजिनियरिंगचे प्राध्यापक आहेत. अंतर एसटीनं जाण्याइतकं.

पण वेल्डिंगच्या दुकानातलं आठवी झालेलं पोरगं कॉलेजच्या गेटातून आत जाऊन, ‘सर, जरा माझा पंखा बघता का,’ असं म्हणत नाही. वॉचमन काय म्हणेल? कुणाला भेटायचं? कोणत्या भाषेत बोलायचं? हसले तर? यात त्या कॉलेजचा दोष काढण्यात अर्थ नाही, राज्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या गेटावर हेच घडतं. आणि इथंच आपल्याकडचा रोजचा प्रश्न येतो, ‘तिथं ओळखीचं कुणी आहे का?’

मराठी माणूस तहसीलला जाण्याआधी हे विचारतो, दवाखान्यात जाण्याआधी विचारतो, पोराला शहरात पाठवताना तर विचारतोच. बरेच जण याला वशिला समजून नाक मुरडतात. पण दोन्हीत फरक आहे. वशिल्यानं दुसऱ्याची जागा तुम्हाला मिळते. ओळखीनं दार कुठं आहे आणि आत गेल्यावर काय विचारायचं एवढंच कळतं. शिकलेल्या घरातल्या मुलाला ही ओळख जन्मापासून मिळते, मामा इंजिनियर, काकू डॉक्टर, शेजारी बँकेत. म्हणून त्याला ती दिसतही नाही. त्याला वाटतं, आपण सगळं स्वतःच्या जोरावर केलं.

‘थ्री इडियट्स’मधला रँचोही काही एकटा नव्हता. तो देशातल्या एका नामांकित कॉलेजात होता, त्याला वर्कशॉप होतं, ग्रंथालय होतं, दोन जिवलग मित्र होते आणि अडवायला का होईना, प्राध्यापक होते. हेलिकॉप्टर बनवणारा मुलगा त्या सिनेमात खरंच आहे, पण तो रँचो नाही. तो दुसरा विद्यार्थी आहे. त्याच्या यंत्रासाठी संचालक मुदत वाढवून देत नाहीत, तो एकटा पडतो आणि जीव गमावतो. सिनेमातला हा भाग रीलमध्ये फारसा कुणी टाकत नाही.

गोतावळा घट्ट असला की सगळं भलंच होतं असंही नाही. मुंबईतल्या दादरमधल्या शाळांवर कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. कामगार वस्त्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या जातीच्या ओळखीवर गिरणीत, गोदीत पोरांना चिकटवण्याची पद्धत होती. नव्वदच्या दशकात अर्थव्यवस्था बदलली, इंग्रजी येणाऱ्याला चांगला पगार मिळू लागला. तरी या घरांतली मुलं मराठी शाळांकडेच ढकलली जात राहिली, कारण पुढची नोकरी लावून देणारी माणसं जुन्या धंद्यातलीच होती. मुलींना त्या ओळखीचा कधीच फायदा नव्हता, त्यामुळे त्यांना अडकवणारंही काही नव्हतं. त्याच घरांतल्या मुली इंग्रजी शाळांकडे वळल्या. जो गोतावळा मुलांना सांभाळत होता, त्यानंच त्यांना जुन्या वाटेवर धरून ठेवलं होतं.

यवतमाळनं हे आधीही बघितलंय

यवतमाळ जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना या जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून जास्त जणांचा जीव गेला. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. चर्चा झाली ती औषधांची, चिनी पंपांची, मास्क न घालण्याची.

पण कुठलं औषध, कशात मिसळून, किती मारायचं हा सल्ला देतं कोण? बहुतेक गावांत याचं उत्तर एकच, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. तो ओळखीचा असतो, उधारीवर माल देतो, गावातल्या लग्नाला येतो. त्याच वेळी तो तीच बाटली विकतही असतो. कृषी सहायक कागदोपत्री प्रत्येक गावाला असतो, पण त्याच्याकडे इतकी गावं असतात की शेतमजुराला त्याचं नावही माहीत नसतं. कृषी विद्यापीठ त्याहून लांब. पाठीवर पंप घेऊन शिवारात उतरणाऱ्या मजुरापर्यंत शिडीची एकही पायरी पोचत नाही, आणि दुकानदाराचा शब्द शेवटचा ठरतो. हेलिकॉप्टर आणि कीटकनाशक यांचा एकमेकांशी संबंध नाही. धोक्याची सूचना देणारा माणूस पोचत नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखंच आहे.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट बघा. फुलसावंगीच्या अपघातानंतर चारच महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचा व्हिडिओ गाजला. (देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.) लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. एका यूट्यूब चॅनलनं ती दाखवली, ती आनंद महिंद्रांच्या नजरेला पडली. गाडी नियमात बसत नाही, पण या माणसाच्या कल्पकतेला दाद द्यायला हवी, असं त्यांनी लिहिलं आणि जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबानं ती घेतली.

कारागिरी दोघांकडेही होती. शिक्षण दोघांचंही कमीच. फरक पडला तो एका व्हिडिओमुळे तयार झालेल्या शिडीचा, आणि अर्थात जमिनीवर चालणाऱ्या यंत्रात चुकीला थोडी जागा असते याचाही. म्हणूनच हल्ली कुठल्याही जुगाडाच्या रीलखाली लोक आनंद महिंद्रांना, कलेक्टरला, गडकरींना टॅग करत बसतात. गंमत वाटते, पण ते दुसरं तिसरं काही नसून शिडी लावायची धडपड आहे. अडचण एवढीच की ही लॉटरी आहे. हजारात एकाचं तिकीट लागतं, आणि लागलं तरी बक्षीस मिळतं. पुढच्या वेळी फोन करून ‘हा नट इथं चालेल का’ असं विचारता येईल असा माणूस मिळेलच असं नाही.

ओळख असूनही किती वेळ लागतो हे अमोल यादवांना विचारावं. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांसमोर आलं. तरीही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं, तेही मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी पाठपुरावा केल्यावर. विमानाचा नोंदणी क्रमांक व्हीटी-एनएमडी. नरेंद्र मोदी आणि देवेंद्र या नावांतून तो घेतल्याचं तेव्हा छापून आलं होतं. शिडी किती वरपर्यंत लावावी लागली हे विमानाच्या शेपटीवरच लिहिलेलं आहे. वैमानिकाला हे करावं लागत असेल, तर वेल्डिंगवाल्यानं कुठून सुरुवात करायची?

शिडी कुणी खाली सोडलीय का?

सोडलीय, पण तिला पायऱ्या कमी आहेत. आयआयएम अहमदाबादचे प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ‘हनी बी नेटवर्क’ सुरू केलं. मधमाशी फुलाकडून मध घेते आणि फुलाचं नुकसान करत नाही, उलट एका फुलाचे परागकण दुसऱ्याला पोचवते. तसं गावातल्या कारागिरांचं ज्ञान गोळा करायचं आणि त्यांना एकमेकांशी जोडायचं, ही कल्पना. त्यातूनच २००० साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभं राहिलं. गुप्तांची माणसं शोधयात्रा काढून गावोगाव पायी हिंडतात. कारागिरानं अर्ज करायची वाट न बघता संस्थाच त्याच्या दारात जाते.

विदर्भात याचा फायदा झालेलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव, थोडीशी शेती, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमाराला शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या जपत जपत त्यांनी धानाचं वाण तयार केलं आणि तेव्हाच्या लाडक्या घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. वाण राज्याबाहेरही पसरलं. पुढे कृषी विद्यापीठानं पीकेव्ही-एचएमटी हे वाण आणलं आणि श्रेयावरून वाद झाला. खोब्रागडेंच्या बाजूनं उभं राहिलं ते नवप्रवर्तन प्रतिष्ठान. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण प्रतिष्ठा मिळाली तरी पैसा मिळाला नाही. ३ जून २०१८ ला ते गेले तेव्हा घरची परिस्थिती बेताचीच होती.

सरकारी योजनाही आहेत. शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. पण त्या सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. आठवीत शाळा सोडलेल्यासाठी तो दरवाजा बंद. उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षण संस्थांनी किमान पाच गावं दत्तक घ्यायची असतात. तिथं बहुतेक वेळा सर्वेक्षण, स्वच्छता आणि वृक्षारोपण होतं. गावातल्या वेल्डरला, मोटार रिवाइंड करणाऱ्याला, मिस्त्रीला महिन्यातून एक दिवस वर्कशॉप उघडं ठेवणं, ही त्यातल्या त्यात स्वस्त गोष्ट. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, गेटावरच्या वॉचमनला सांगावं लागतं.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका सायकल दुरुस्तीवाल्यानं हाच प्रश्न सोडवला होता. त्याचं नाव विल्बर राइट. अमेरिकेतल्या डेटन गावात भावाबरोबर सायकलचं दुकान, कॉलेजची पदवी दोघांकडेही नाही. ३० मे १८९९ ला त्यानं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं की उडण्याबद्दल छापलेलं जे काही असेल ते मला हवंय. संस्थेत त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. तरी काही दिवसांतच उत्तर आलं, सोबत पुस्तिका आणि वाचायच्या पुस्तकांची यादी. पुढच्या वर्षी त्यानं ऑक्टेव्ह शनूट या वयानं मोठ्या, अनुभवी इंजिनियरला पत्र पाठवलं. तोही अनोळखीच. दोघांचा पत्रव्यवहार दहा वर्षं चालला, पत्रं शेकड्यांत मोजावी लागतात. ग्लायडरमधून पडून जर्मनीचा ओटो लिलिएंथाल १८९६ मध्ये कसा मेला, हे त्या भावांना माहीत होतं. म्हणून १९०० साली किटी हॉकच्या वाळूत त्यांनी आपलं पहिलं मोठं ग्लायडर नेलं, तेव्हा बहुतेक वेळ ते दोरीला बांधून पतंगासारखं उडवलं, आत कुणी न बसता.